मोकळी टाच

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी माझ्या पुतणीचा नॉर्वेहून फोन आला. चार वर्षांपासून ती ट्रॉन्डहाइमला नोकरीला आहे. ईस्टरच्या सुट्टीत तिच्या ऑफिसातली मंडळी हार्डांगरविड्डा नावाच्या डोंगरपठारावर पाच दिवस स्कीवरून हिंडणार होती आणि तिलाही बरोबर नेणार होती. स्की उसन्या मिळाल्या होत्या, बूट मात्र स्वतःचे घ्यायचे होते. दुकानातून तिने दोन जोड घरी आणले होते. एक ठेवायचा, एक परत करायचा. एक मऊ, दुसरा कडक. ऑफिसात यावरून दोन तट पडलेले. ‘‘काका, आबांना दाखवा ना,’’ ती म्हणाली.

आबा म्हणजे माझे वडील. वय ८४. धरणगावात पन्नास वर्षांहून जास्त काळ त्यांनी वहाणा शिवल्या. आम्ही चर्मकार. नजर गेल्यावर त्यांनी आरी आणि रापी खाली ठेवली, पण हाताची सवय गेलेली नाही. कुणी नवी चप्पल घालून घरात आले की ते आधी चप्पल हातात घेतात, मग पाहुण्याकडे बघतात. पुतणीने दोन्ही बूट मोबाइलसमोर धरले. आबांनी स्क्रीन डोळ्याजवळ नेली आणि अहिराणीत एवढेच म्हणाले, ‘‘पीळ दीसन दखाड.’’ पीळ देऊन दाखव.

तिने धुणे पिळावे तसा मऊ बूट पिळला. तो पिळला गेला. कडक बूट काही केल्या हलेना. पिळेनाही आणि लवेनाही. ‘‘हाई फडकं शे, ती फयी,’’ आबा म्हणाले. एक फडके आणि दुसरी फळी. मग त्यांनी विचारले, चढ किती, उतार किती, पाठीवर ओझे किती? आणि शेवटी, या दोहोंच्या मधले काही नाही का?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात उमेद गेली. रविवारची धुळ्याची एस.टी. आणि तिथले राजवाडे संशोधन मंडळ हेच माझे विद्यापीठ. पण आम्हा चर्मकारांच्या घरात कडक की मऊ हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललेला असताना त्याला बर्फातही एक इतिहास असावा, याचे नवल वाटले आणि मी शोधायला लागलो.

वाचकांपैकी बहुतेकांनी माझ्यासारखाच बर्फ सिनेमात पाहिला असेल, म्हणून आधी थोडे समजावून सांगतो. स्की म्हणजे पायाखाली बांधायची लांब अरुंद पट्टी. लिफ्टने वर जाऊन उतारावरून घसरत यायचे, त्या स्कीइंगमध्ये बूट पुढे-मागे दोन्हीकडे जखडलेला असतो. डोंगराळ मुलखात दिवसचे दिवस चालत जायचे, त्यात फक्त बोटांकडची बाजू पट्टीला अडकवतात. टाच मोकळी असते. पाऊल पुढे पडते तशी टाच उचलते, आणि पट्टी बर्फावरून सरकते. आता मऊ बूट असेल तर हे चालणे सुखाचे. पाऊल नैसर्गिक लवते, पोटऱ्या दुखत नाहीत, टाचेला फोड येत नाहीत. पण उतार लागला की खरी गंमत. पट्टी वळवायची तर तिची कड बर्फात रुतवावी लागते आणि तो जोर पायाकडून पट्टीकडे बुटाच्या तळातून जातो. तळ मऊ असेल तर पाऊल वळते आणि पट्टी सरळच जाते. तळ कडक असेल तर पट्टी ऐकते, पण सपाटीवरचे वीस किलोमीटर फळ्या बांधून चालल्यासारखे होतात. हा वाद दीडशे वर्षे जुना आहे आणि अजून मिटलेला नाही.

आता आपल्या वहाणेकडे पाहू. म्हशीच्या कातड्याचे थर एकावर एक ठेवून वादीने शिवलेला जाड तळ. पुढे अंगठा, वरून पट्टा, दोन्ही बाजूंना कान. मागे काहीही नाही. म्हणजे बोटांकडे धरलेली आणि टाचेकडे मोकळी! फोनवर आबांना स्कीचे बूट परके वाटले नाहीत, ते यामुळे. खानदेशातल्या माणसाला मोकळी टाच का लागते, हे काळ्या मातीत चाललेल्याला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ही माती तळाला शेर-शेर चिकटते. बंद जोडा असेल तर तो मातीतच राहतो आणि पाय वर येतो. वहाण झटकता येते, नाहीतर काढून काखेत मारता येते. मेमध्ये जळगावची जमीन तव्यासारखी तापते आणि बांधाबांधावर बाभळीचा काटा. म्हणून तळ जाड. मजा अशी की, ते कातडे कमावायलाही बाभळीचीच साल लागायची. काटा आणि त्याचा उतारा एकाच झाडाचा.

नवी वहाण फळीसारखी कडक असते. ती तेल पाजून, घालून, सोसून मऊ करायची. पण कुठे मऊ करायची, याला मर्म आहे. बोटांच्या मुळाशी, जिथे पाऊल मोडते, तिथे ती लवली पाहिजे. आडवी मात्र पिळता कामा नये. आडवी पिळली की नांगरामागच्या माणसाचा घोटा ढेकळावर गेलाच म्हणून समजा. आबा वहाण गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी आधी लववून बघत, मग पीळ देऊन बघत. पहिल्यात हो, दुसऱ्यात नाही, असे उत्तर आले तरच ती गिऱ्हाइकाच्या हातात जायची. ‘जोडा पायना शे, पाय जोडाना नही’ हे त्यांचे नेहमीचे. जोडा पायाचा असतो, पाय जोड्याचा नसतो.

हे ज्ञान कागदावर कुठे आहे? राजवाडे मंडळात मी वतनदारांचे कागद चाळले. बलुतेदारांच्या याद्यांमध्ये आमची माणसे आहेत, त्यांचे हक्क आहेत, त्यांनी द्यायचे जोडही आहेत. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’मध्ये, १९१५ साली, गावच्या या सगळ्या देण्याघेण्याचे बारकाईने वर्णन आले. पण जोडा कुणी कुणाला द्यायचा हे लिहिणाऱ्याला तो कसा व्हायचा, हे विचारावेसे वाटले नाही. लिहिणारा वेगळा आणि शिवणारा वेगळा, त्याचा हा परिणाम.

बूट मात्र कागदावर आणि दगडावर भरपूर आहे, कारण तो राजांचा आणि देवांचा. मथुरेच्या संग्रहालयातल्या कनिष्काच्या मूर्तीला डोके नाही, पण तिच्या पायांतले अवजड बूट एकदा पाहिले की विसरत नाहीत. थंड मुलखातून घोड्यावर आलेल्यांचे हे पादत्राण. त्यांच्याबरोबर ते सूर्याच्या पायांत गेले. वराहमिहिराने सूर्यमूर्तीला उत्तरेकडच्या लोकांचा वेष सांगितला, पायापासून छातीपर्यंत झाकलेला; आणि उत्तर हिंदुस्थानातला सूर्य बूट घालून उभा राहिला. दक्षिणेतला सूर्य अनवाणी. सूर्य आणि त्याचा परिवार सोडला तर आपल्या देवांत बूट घालणारा मला दुसरा आठवत नाही. जळगावहून दीड तासावर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावरही टोकदार टोप्यांची परदेशी माणसे आहेत, चक्क पायमोजे घातलेली. थंडीचे पादत्राण आपल्या मुलखाने पाहिले ते असे, पाहुण्यांच्या पायांत.

आमच्या गावाला बूट १८२५ साली आला. त्या वर्षी लेफ्टनंट जेम्स आउट्रम याने धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली. सातपुड्यातल्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांतल्या भिल्लांना कंपनीची फौज सात वर्षे आवरू शकली नव्हती. जडशीळ कवायती शिपाई डोंगर चढेपर्यंत भिल्ल पलीकडच्या नाल्यात असे. आउट्रम एकटाच त्यांच्यात जाऊन राहिला, शिकारी खेळला, आणि पहिल्यांदा जेमतेम पाच जण त्याच्या गळाला लागले. त्या पाचांची पुढे पलटण झाली. ती १८९१ पर्यंत टिकली आणि सिमकॉक्स या अधिकाऱ्याने १९१२ साली तिचा इतिहास लिहिला. चपळ पायांना सरकारी चाकरीत घ्यायचे, एवढीच या कल्पनेतली युक्ती. आजही चोपडा, शिरपूर, धडगावच्या बाजारांत डोंगरातला माणूस टायरची चप्पल घेतो ती तळ पिळून, अगदी आबांसारखी.

आणि याच १८२५ साली नॉर्वेच्या टेलेमार्क भागात, मॉर्गेदाल नावाच्या खेड्यात, सॉन्द्रे नोरहाइम जन्मला. गरीब घरचा. तोवर स्की बुटाच्या टोकाला नुसत्या वादीने अडकवत. उतारावर पट्टी एकीकडे आणि पाय दुसरीकडे. या माणसाने वाळुंजाच्या लवचीक मुळ्या पिळून त्यांचा फास टाचेमागून घेतला. टाच उचलायची ती उचलतेच, पण पट्टी पायाला सोडत नाही. १८६८ मध्ये राजधानीत, म्हणजे आजच्या ऑस्लोत, जाऊन त्याने उड्या आणि वळणे दाखवली तेव्हा शहरी लोक बघत राहिले. टेलेमार्क वळण हे नाव तिथून आले. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १८९७ मध्ये तिकडेच वारला. त्याच्या मुळ्यांच्या फासाचे चित्र मी आबांना दाखवले. ते म्हणाले, हे तर मागचा पट्टा. लहान पोरांच्या वहाणेला लावतात तो.

तिकडे उत्तरेकडच्या सामी लोकांचे बूट मात्र रेनडिअरच्या कातड्याचे आणि हातमोज्यासारखे मऊ. आत वाळलेले गवत भरायचे, ते घाम शोषते आणि ऊब धरते. संध्याकाळी काढून वाळवायचे. पुढचे टोक वर वळलेले, म्हणजे स्कीची वादी त्यात अडकते. १८८८ साली नान्सेनने ग्रीनलंड स्कीवरून ओलांडले तेव्हा सहा माणसांत दोघे सामी होते. १८९४ मध्ये हुइटफेल्ट याने लोखंडी कान काढले आणि पट्टीवरची पकड घट्ट झाली. पण लोखंडात मऊ बूट टिकेना, म्हणून तळ कडक करावा लागला. आणि कडक तळाच्या तंग बुटात रक्त फिरेना. वाद खरा पेटला तो इथे.

दक्षिण ध्रुवाची शर्यत मी याच नजरेने पुन्हा वाचली. आमुंडसेनने मुद्दाम करवून आणलेले स्कीचे बूट कडक होते आणि तोकडे निघाले. १९११ च्या अंधाऱ्या हिवाळ्यात त्याच्या माणसांनी ते पुन:पुन्हा उसवले, आतून कोरले, वाढवले. ८ सप्टेंबरला घाईने निघाले, पारा उणे पन्नासच्या खाली गेला, काहींच्या टाचा गोठल्या आणि सगळे परत फिरले. परतल्यावर पहिले काम काय, तर बूट पुन्हा उसवणे. ऑक्टोबरात निघाले ते १४ डिसेंबरला ध्रुवावर. स्कॉटच्या तळावर उलट अडचण. त्यांच्याकडे मऊ कातड्याचे बूट होते, उबदार, पण स्कीवर धरत नसत. त्यांच्यातल्या एडगर इव्हान्स या नौदलातल्या शिपायाने सीलच्या कातड्याचा दुहेरी तळ घेतला, त्यात लाकूड घालून तो ताठ केला, वर सैल कॅनव्हास शिवला, आणि मऊ बूट तसाच आत जाईल असा दुसरा जोडा तयार केला. आत मऊ, बाहेर कडक. आज प्लास्टिकचे दुहेरी बूट ज्या तत्त्वावर होतात ते हेच. स्कॉटने आपल्या रोजनिशीत त्याचे कौतुक केले आहे. परतीच्या वाटेवर त्या पाचांत सर्वांत आधी गेला तो हाच इव्हान्स.

एक मोची म्हणून (हो, मी हिशेबनीस असलो तरी मोचीच) मला या गोष्टीत ध्रुवापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की, दोन्हीकडे चालणाऱ्याच्या हातात आरी होती. बूट चुकला तर त्यालाच उसवता येत होता.

पुढचा भाग भरभर सांगतो. ओस्लोच्या ब्रोर विथ याने १९२७ मध्ये बुटाचे टोक चिमटीत पकडणारी तीन खिळ्यांची कडी काढली. तिचे नाव ‘रोत्तेफेला’, म्हणजे उंदराचा सापळा! बुटाचे टोक ७५ मिलिमीटर रुंद, तळाला तीन भोके. पन्नास-साठ वर्षे हेच माप चालले. मग बोटांखालच्या आडव्या सळीची नवी पकड आली, १९९० च्या दशकात उतारवाल्यांसाठी प्लास्टिकचे ताठ बूट आले, आणि दुकानांत मऊपासून कडकपर्यंत रांग लागली. १९२७ हेच साल आमच्या राजवाडे मंडळाच्या स्थापनेचे, आणि गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काढलेल्या स्की क्लब ऑफ इंडियाचेही. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, तिथेच आपल्या सैन्याच्या १९ इन्फन्ट्री डिव्हिजनचे स्की स्कूल निघाले. म्हणजे बर्फात पायाला काय लागते, हे या देशात कुणालाच माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही.

हे सांगण्याचे कारण १९६२. ब्रिगेडियर जॉन दळवी, नाव मराठी आणि जन्म बसऱ्याचा, नामका चूच्या काठी सातव्या ब्रिगेडचे प्रमुख होते. ऑक्टोबरातल्या हल्ल्यात ते कैद झाले, १९६३ मध्ये सुटले आणि १९६९ मध्ये ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिले. चौदा-चौदा हजार फुटांवर सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत पाठवलेल्या जवानांची हकिगत त्यात आहे. कॅनव्हासचा बूट मैदानात धावायला उत्तम. बर्फात तो ओला होतो, ओला झाला की रात्री गोठतो, तळ कुठेही कसाही पिळला जातो. नेहमीचा फौजी बूटही तिथे फारसा कामाचा नव्हता. त्याच्या तळाचे लोखंडी खिळे थंडी सरळ पायात आणतात. कडक की मऊ हा प्रश्न तिथे कुणी जवानाला विचारलाच नव्हता. उसवायला आरीही नव्हती.

आमच्या तालुक्यातला एक जवान तिथून १९६३ च्या उन्हाळ्यात परत आला. डाव्या पायाची अंगठ्यासकट तीन बोटे हिमदंशाने गेलेली. शेती होती, काळ्या मातीत उतरायचे होते, म्हणून वहाण करायला तो आमच्या दारात आला. आबा तेव्हा बाविशीचे. त्यांनी नेहमीप्रमाणे कागदावर पाऊल ठेवायला सांगितले, पेन्सिल फिरवली, आणि थांबले. वहाणेचा सगळा भार अंगठ्यावर. अंगठाच नाही तर वहाण धरायची कशात? आबा सांगतात, मी तीन जोड फुकट घालवले. पहिल्यात पाऊल पुढे घसरे. दुसऱ्यात पट्टा घट्ट केला तर जखमेवर घासे. तिसऱ्यात तळ मऊ केला, तर उरलेल्या दोन बोटांवर चालताना तो पिळून जाई आणि माणूस बांधावर पडे. चौथ्या वेळी त्यांनी तळ पुढून ताठ ठेवला, मध्ये लवण काढली, बोटांच्या जागी कातड्यात भरलेली लहानशी गादी शिवली आणि मागून, टाचेच्या वरून, पट्टा घेतला. मोठ्या माणसाच्या वहाणेला मागचा पट्टा गावाने पहिल्यांदाच पाहिला. पोरे हसायची. तो माणूस त्याच जातीचा जोड दर दोन वर्षांनी घेत राहिला, १९९० पर्यंत. पैसे कधी दिले, कधी ज्वारी दिली.

नोरहाइमच्या फासाचे चित्र पाहून आबा ‘मागचा पट्टा’ म्हणाले, तेव्हा ते लहान पोरांबद्दल बोलत होते की त्या माणसाबद्दल, हे मी त्यांना विचारले नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेला कॅगचा अहवाल मी जळगावला एका वकील मित्राकडे बसून वाचला. उंचावरच्या जवानांसाठीचे बहुउपयोगी बूट नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात उपलब्ध नव्हते, म्हणून वापरलेले बूट पुन्हा दुरुस्त करून वापरावे लागले, असे त्यात आहे. तो परिच्छेद मी आबांना वाचून दाखवला. दुरुस्ती कुणी केली, त्यांनी विचारले. ते अहवालात नव्हते.

पुतणीने दोन्ही जोड परत केले. तिसऱ्या दुकानात तिला कातड्याचा एक बूट मिळाला, तोही मऊच. पण पीळ दिला तर नकार देणारा आणि बोटांच्या मुळाशी लवणारा. हार्डांगरविड्डाला चढ-उतार बेताचे, पाठीवर बारा किलो ओझे, म्हणून आबांनी तो पसंत केला. दुकानदाराने तिला विचारले म्हणे, पीळ देऊन बघायला कुणी शिकवले? पाच दिवसांत ती सत्तरएक किलोमीटर चालली. उतारावर सतरा वेळा पडली, हा आकडा तिचाच. परत आल्यावर आबांनी तिच्याकडे फक्त बुटांचा फोटो मागितला, बाजूने काढलेला. वरच्या कातड्यावर सुरकुती कुठे पडली, ते त्यांना बघायचे होते. डाव्या बुटाची सुरकुती जरा तिरकी होती. ती डाव्या पायावर जोर कमी देते, आबा म्हणाले, लहानपणी कैरीच्या झाडावरून पडली होती तेव्हापासून. तिला सांग, आत पातळ कातडे घाल.